पत्त्यांच्या कॅटमधून दमसास

पत्त्यांच्या कॅटवर व्यायाम करायची कल्पना चार ओळींत सांगून संपते. कॅट पिसायचा, पालथा ठेवायचा, वरचं पान उलटायचं. काळं आलं तर जोर, लाल आलं तर बैठका. पानावर जो आकडा तेवढ्या. झालं की पुढचं पान. बावन्न पानं संपली की व्यायाम संपला.

कल्पना सोपी असल्यामुळेच ती चुकीची वापरली जाते. कुस्ती, जूडो, बॉक्सिंग किंवा एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) करणारी मुलं याचे व्हिडिओ बघतात, पहिल्याच दिवशी अख्खा कॅट संपवायला जातात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून उतरतात. मग दोनच निष्कर्ष निघतात: 'जबरदस्त प्रकार आहे' किंवा 'फालतू प्रकार आहे'. दोन्ही अर्धवट. कॅट म्हणजे प्रत्यक्षात एक मोजमाप आहे. त्यातलं काम किती, ते कोणत्या क्रमाने अंगावर येतं आणि आपल्या खेळाची लढत किती मिनिटांची असते, या तीन गोष्टींचा मेळ घातला तरच त्याचा उपयोग. तो मेळ कसा घालायचा, तेवढंच या लेखात बघू.

आधी हा प्रकार आला कुठून ते थोडक्यात, कारण त्यात आपला धागा आहे. पत्त्यांचा हा व्यायाम कुस्तीच्या जगात कार्ल गॉच या पैलवानाच्या नावाने ओळखला जातो. त्याचा जन्म १९२४ साली बेल्जियममधल्या अँटवर्पचा. खरं आडनाव इस्ताझ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो बेल्जियमकडून कुस्ती खेळला. त्याच ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरचे खाशाबा जाधव फ्लायवेट गटात सहावे आले होते; वजनगट वेगळे, त्यामुळे दोघांची गाठ पडण्याचा प्रश्न नव्हता. पुढे गॉच इंग्लंडमधल्या विगनला बिली रायली यांच्या 'स्नेक पिट' या तालमीत शिकला आणि नंतर जपानमध्ये पैलवान घडवायला लागला. तिथे त्याला 'कुस्तीचा देव' म्हणायचे. १९७२ मध्ये अंतोनियो इनोकीने न्यू जपान प्रो-रेसलिंग सुरू केलं, तेव्हा पहिल्याच कार्यक्रमातली मुख्य लढत इनोकी विरुद्ध गॉच अशी झाली आणि गॉच जिंकला. त्याच्या हाताखालून गेलेल्या सुझुकी आणि फुनाकी या दोघांनी १९९३ मध्ये 'पॅनक्रेस' ही लढतींची संस्था काढली, तिचं नावही गॉचनेच सुचवलेलं. आजच्या एमएमएच्या सरावात जोर-बैठका दिसतात, त्यामागे ही वाट आहे.

हो, जोर-बैठकाच. पाश्चात्य जिममध्ये 'हिंदू पुशअप' आणि 'हिंदू स्क्वॉट' म्हणून जे शिकवतात ते आपल्या तालमीतले जोर आणि बैठका. गॉचच्या सरावाचा कणा तोच होता. म्हणजे व्यायाम आपल्याकडचे आणि पत्ते त्याचे. आपल्याकडे तालमीत पत्ते दिसले असते तर वस्तादांनी आधी कानाखाली काढली असती, व्यायामाचं नंतर बघितलं असतं.

कॅटमधलं गणित

रूढ पद्धतीत दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानावरचा आकडा, गुलाम-राणी-राजा प्रत्येकी १० आणि एक्का ११. एका रंगाची, म्हणजे समजा सगळ्या इस्पिकची, बेरीज होते ९५. चार रंगांची ३८०. काळ्यावर जोर आणि लालवर बैठका असतील तर कॅट संपेपर्यंत १९० जोर आणि १९० बैठका होतात. कॅट कसाही पिसा, हा आकडा हलत नाही.

बदलतो तो क्रम. बावन्न पानांचे जेवढे वेगवेगळे क्रम लागू शकतात, तो आकडा ६८ अंकी आहे. तेव्हा नीट पिसलेला कॅट त्याच क्रमाने तुम्हाला पुन्हा भेटेल याची काळजी करायला नको. 'नीट पिसलेला' हे मात्र महत्त्वाचं. दोन्ही हातांत अर्धा-अर्धा कॅट धरून पानं एकमेकांत फरफर मिसळायची पद्धत असते, तिने साधारण सात वेळा पिसलं की कॅट चांगला मिसळतो. आपण घरी मेंढीकोट खेळताना हातावर हात मारून पिसतो, त्या पद्धतीत पानं झुंडीने फिरतात आणि मिसळायला कितीतरी जास्त वेळ लागतो. व्यायामाला एवढी शुद्धता नसली तरी चालते, पण कालचेच पाच राजे-गुलाम आज पुन्हा एकत्र आले तर नशिबाला दोष देऊ नका.

आता यातली खरी मेख. दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का मिळून २० पानं होतात. त्यांची बेरीज २०४. म्हणजे ३८० पैकी निम्म्याहून जास्त काम फक्त वीस पानांत भरलेलं आहे. ही वीस पानं पसरून आली तर कॅट बराच सुसह्य वाटतो. तीच सुरुवातीला गर्दी करून आली, तर उरलेल्या छोट्या पानांनाही हात थरथरतात. एकूण काम तेवढंच असूनही दोन दिवसांचा अनुभव इतका वेगळा का, याचं उत्तर इथे आहे. परवा चौदा मिनिटं लागली आणि आज सतरा, म्हणजे दम घसरला असं लगेच समजू नये. पानं कशी आली हेही बघावं.

दुसरी गोष्ट सलग एकाच रंगाची पानं येण्याची. काळं पान उलटल्यावर पुढचंही काळंच असण्याची शक्यता ५१ पैकी २५, म्हणजे जवळपास निम्मी. त्यामुळे सरासरी दोन-दोन पानांच्या टोळ्या तयार होतात. पण सरासरी ही सरासरीच. बहुतेक वेळा कॅटमध्ये कुठे ना कुठे सलग पाच पानं एकाच रंगाची येतातच. ती काळी असली आणि त्यात दोन चित्रं (गुलाम, राणी किंवा राजा) असली, तर चाळीसेक जोर एका दमात मारावे लागतात. खांद्यांची खरी परीक्षा तिथे होते.

शरीरात काय होतं

कॅट बाजूला ठेवून थोडं शरीराकडे येऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

स्नायूला ताकद लावायला ऊर्जा तीन वाटांनी मिळते. पहिली वाट म्हणजे स्नायूतच साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट. ती सगळ्यांत जोरकस, पण सर्वस्व ओतून काम केलं तर दहाएक सेकंदांत आटते. पट काढण्यासाठी मारलेली झेप किंवा बॉक्सरचा चार-पाच ठोशांचा सपाटा हिच्यावर चालतो. दुसरी वाट साखर प्राणवायूशिवाय फोडायची. ती अर्ध्या मिनिटापासून दोनेक मिनिटांपर्यंत मोठा भार उचलते, आणि स्नायू पेटल्यासारखे होतात ते याच काळात. (त्याचं खापर अजूनही लॅक्टिक अ‍ॅसिडवर फोडतात. प्रत्यक्षात लॅक्टेट हे शरीर इंधन म्हणून वापरतं, हृदयसुद्धा वापरतं.) तिसरी वाट प्राणवायूवर चालणारी. ती हळू पेटते पण तासन्‌तास चालते.

या वाटा एकामागून एक चालू होतात असं बरेच जण समजतात. त्या तिन्ही एकाच वेळी चालू असतात, फक्त कुणाचा वाटा किती हे बदलत राहतं. आणि लढतीच्या खेळात सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट ही, की पहिली वाट पुन्हा भरायचं काम तिसरी करते. आटलेलं क्रिएटिन फॉस्फेट ३० सेकंदांच्या विश्रांतीत साधारण निम्मं भरून येतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. ते किती लवकर भरतं हे प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेच्या तयारीवर ठरतं. म्हणजे ज्याचा दमसास चांगला, त्याला दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीसारखी झेप पुन्हा मारता येते. दमसास म्हणजे फक्त धापा न टाकणं असं धरून चाललं की हा मुद्दा सुटतो.

लढतीची लांबी बदलली की काय होतं, याचं गामा आणि झ्बिश्कोच्या दोन कुस्त्यांइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामा पैलवान आणि पोलंडचा स्तानिस्लाउस झ्बिश्को यांची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि निकालाविना थांबली. झ्बिश्को बहुतेक वेळ खाली पोटावर चिकटून राहिला होता. हेच दोघे १९२८ मध्ये पतियाळात पुन्हा भिडले. ती कुस्ती गामाने एका मिनिटाच्या आत मारली. तेच पैलवान, तोच खेळ. पण पहिलीत जवळजवळ सगळा भार प्राणवायूच्या वाटेवर आणि दुसरीत जवळजवळ सगळा झेपेवर. पूर्वी मातीतल्या कुस्तीला वेळेचं बंधन नव्हतं, त्यामुळे पैलवानाला दोन्ही टोकांची तयारी ठेवावी लागे. गामा रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर मारायचा असं सांगतात. आकडा थोडा वाढवलेला असेल असं धरलं, तरी ती तयारी अडीच तासांच्या कुस्तीची होती हे लक्षात घ्यायला हवं. आजची लढत अडीच तासांची नाही.

आपल्या लढतीची पानं किती?

आता दोन्ही बाजू जोडू. तयारीच्या खेळाडूला एका जोराला साधारण अडीच सेकंद लागतात, बैठकेला दीड. पान उलटून पुढच्या व्यायामाची जागा घ्यायला तीनेक सेकंद धरू. कॅटमधलं सरासरी पान सव्वासात आकड्याचं आहे. हिशोब केला तर एक पान १७-१८ सेकंदांचं पडतं. म्हणजे तीन मिनिटांत सुमारे दहा पानं आणि पूर्ण कॅट न थांबता साधारण पंधरा मिनिटांत.

पंधरा मिनिटं म्हणजे काय? पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, म्हणजे एमएमएची साधी लढत. पूर्ण कॅट सरळ बसतो तो याच खेळाला.

गादीवरच्या कुस्तीला तो बसत नाही. ती लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन सत्रांची, मध्ये ३० सेकंद विश्रांती. म्हणजे वीस पानं. गादीवर खेळणारा पैलवान रोज अख्खा कॅट रेटत बसला, तर त्याची चाल लढतीच्या चालीपेक्षा संथ होते. बावन्न पानं पुरवायची आहेत हे डोक्याला माहीत असल्यामुळे ते आधीपासूनच हात आखडता घेतं. अंतर माहीत असलं की माणूस त्या हिशोबाने वेग ठरवतो, हे धावपटूंच्या बाबतीत तर नेहमी दिसतं. पैलवानाने वीस पानं उलटावीत, दहा झाल्यावर अर्धा मिनिट थांबून, आणि ती जमेल तेवढ्या वेगाने. स्पर्धेत एका दिवसात अनेक कुस्त्या येतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर उरलेल्यातली आणखी वीस. बारा पानं शिल्लक राहतील, राहू द्यावीत.

ऑलिंपिक पद्धतीच्या बॉक्सिंगला तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती, म्हणजे दहा-दहा-दहा. जूडोची लढत चार मिनिटांची, तेरा-चौदा पानांची, पण बरोबरी झाली तर 'गोल्डन स्कोअर' सुरू होतो आणि त्याला वेळेची मर्यादाच नाही. इथे एरवी बाजूला काढलेले जोकर कामाला येतात. दोन्ही जोकर कॅटमध्ये पिसून ठेवावेत. चौदा पानांत जोकर निघाला तर लढत लांबली असं धरून पुढचा जोकर येईपर्यंत किंवा प्रशिक्षक थांबवेपर्यंत पानं उलटत राहायचं. हा प्रकार कधी दोन पानांत आटोपतो, कधी रडवतो, अगदी गोल्डन स्कोअरसारखाच.

यात एक अडचण आहे. अर्धवट कॅट वापरला की एकूण काम ठरलेलं राहत नाही. वीस पानांची बेरीज सरासरी १४६ भरते, पण बहुतेक वेळा ती १२५ ते १६५ या पट्ट्यात कुठेही असू शकते. त्यामुळे आजची सहा मिनिटं आणि गेल्या आठवड्यातली सहा मिनिटं यांची तुलना करायची असेल तर वेळेबरोबर आकड्यांची बेरीजही वहीत लिहायला हवी. पूर्ण कॅटला ही कटकट नसते, म्हणून महिन्यातून एकदा चाचणी म्हणून पूर्ण कॅट लावायला माझी ना नाही. मोजपट्टी म्हणून तो उत्तम आहे.

रंग कसे वाटावेत

लाल-काळा अशी दोन व्यायामांची वाटणी करायची की इस्पिक, किलवर, बदाम, चौकट अशी चार व्यायामांची, याचा विचार फार कमी जण करतात. फरक मात्र मोठा आहे.

दोन व्यायाम असतील तर तोच व्यायाम लागोपाठ येण्याची शक्यता जवळपास निम्मी. चार असतील तर ५१ पैकी १२, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडी कमी. पहिल्या वाटणीत ठरावीक स्नायूंवर भार साचत जातो: खांदे भरतात, मांड्या पेटतात. दुसऱ्या वाटणीत प्रत्येक स्नायूला मधूनमधून उसंत मिळते, पण हृदय आणि फुप्फुसांना नाही. जोरांवरून बैठकांवर गेलात की खांदे सुटतात, छाती धडधडतच राहते. तेव्हा बॉक्सरला हात वर धरून ठेवण्याची किंवा पैलवानाला वाकून उभं राहण्याची चिकाटी वाढवायची असेल तर दोन रंग. सगळ्या अंगाचा दम वाढवायचा असेल तर चार. दोन्ही हवं असेल तर आठवड्यातले दोन दिवस वेगवेगळे ठेवा. एकाच दिवशी दोन्ही साधायच्या भानगडीत पडू नये.

चार व्यायाम कोणते? इथे रूढ पद्धतीतली एक मोठी खोट सांगायलाच हवी. जोर म्हणजे ढकलणं, बैठक म्हणजे पाय. ओढणं यात कुठेच नाही. आणि पकडीच्या खेळांत, मग ती कुस्ती असो, जूडो असो की जिउजित्सू, अर्धी लढाई ओढण्याची असते: मान खाली खेचायची, मनगट सोडायचं नाही, कंबर धरून ठेवायची. जुन्या तालमीत हे काम दोरी चढणं, मल्लखांब आणि फावड्याने कुस्तीचा मातीचा हौद उकरणं यांतून व्हायचं. पहाटे हौद खणणाऱ्या पोरांना वाटायचं की ही नवख्यांना दिलेली शिक्षा आहे. पाठ, बोटं आणि मनगटं त्यातूनच तयार होत. पत्ते घेऊन खोलीत बसणाऱ्याकडे फावडं नाही. त्याने एक रंग पुल-अपसाठी राखावा, शक्यतो आडव्या बारवर टॉवेल टाकून त्याला धरून. पण ९५ पुल-अप हा वेडेपणा होईल. म्हणून अवघड व्यायामाच्या पानाचा आकडा निम्मा करायचा आणि सोप्याचा दुप्पट.

कुस्तीसाठी मला पटणारी वाटणी अशी: इस्पिकवर जोर, पानाइतके. बदामवर बैठका, पानाच्या दुप्पट. किलवरवर टॉवेल धरून पुल-अप, पानाच्या निम्मे. चौकटवर स्प्रॉल, म्हणजे समोरच्याने पायात हात घातला असं समजून पाय मागे फेकत छातीने खाली पडायचं आणि झटक्यात उठायचं. बॉक्सरने किलवरवर बॅगेवरचे ठोसे ठेवले (पानाच्या पाचपट) आणि चौकटवर दोरीवरच्या उड्या (पानाच्या दहापट) तरी चालेल. मानेचा पूल (डोकं जमिनीला टेकवून मानेवर अंगाचा भार घ्यायचा तो व्यायाम) मात्र कॅटमध्ये घालू नये. दमलेल्या अवस्थेत, घाईत, आकडा पुरा करायच्या नादात मान दुखावली तर महिने जातात. तो व्यायाम वेगळा, सावकाश.

व्यायामाची चित्रं छापलेले तयार कॅटही मिळतात. प्रत्येक पानावर वेगळा व्यायाम आणि त्याची संख्या. नवीन व्यायाम शिकायला ते बरे. लढतीच्या तयारीला मला साधा कॅटच बरा वाटतो, कारण पन्नास वेगवेगळे व्यायाम आले की कशाचाच नीट भार पडत नाही आणि मोजायलाही काही उरत नाही. दर पानाला चित्र बघून 'हे कसं करायचं' असा विचार करण्यात जो वेळ जातो, तो वेगळाच.

अनपेक्षितपणाचा फायदा किती खरा?

पुढचं पान काय हे माहीत नसतं, म्हणून हा व्यायाम लढतीसारखा, असं कौतुकाने सांगतात. निम्मं खरं आहे. पुढे दुर्री आहे की एक्का हे माहीत नसल्यामुळे ताकद राखून ठेवण्याचा डाव साधत नाही, हे खरं. पुढे काय ते न कळता काम चालू ठेवायची सवय लागते, हेही खरं. पण प्रतिस्पर्धी तुमच्या चुकीवर झेप घेतो. पत्ता घेत नाही. कॅटमधून दम मिळतो, नजर मिळत नाही, डाव मिळत नाही. ज्याला जोडीदाराबरोबर अंगाला अंग लावून सराव करायला मिळतो आहे, त्याने त्या वेळेतले तास काढून पत्त्यांना देऊ नयेत. कॅट हा जोडीदार नसताना, प्रवासात, पावसामुळे मैदान बंद असताना किंवा मोसमाच्या सुरुवातीला पाया घालताना कामाचा.

शिवाय कॅट जसजसा संपत येतो तसतसा अनपेक्षितपणाही कमी होतो. मेंढीकोट मुरलेला माणूस शेवटच्या दहा पानांत कोणते राजे उरलेत ते सांगेल. याचा उलटा उपयोग वस्तादाला करता येतो: कॅट न पिसता पानांचा क्रम आपणच लावून द्यायचा. मोठी पानं शेवटी कोंबली की शेवटच्या मिनिटातल्या लढतीची तयारी होते. दोन चित्रं, तीन छोटी पानं, पुन्हा दोन चित्रं असा क्रम लावला की झटापट आणि उसंत यांचा खेळ होतो. जूडोत साधारण २०-३० सेकंदांची झटापट आणि मग दहाएक सेकंदांचा थांबा असं चक्र चालतं, ते असं लावून देता येतं. खेळाडूला फक्त क्रम सांगायचा नाही.

दोघांत एक कॅट हाही चांगला प्रकार आहे. एकाने पान पुरं करायचं, तोवर दुसऱ्याने श्वास घ्यायचा. समोरचा जेवढा वेगवान, तेवढी आपली विश्रांती कमी. पोरं एकमेकांना सुचू देत नाहीत आणि वेग आपोआप वाढतो. मात्र फार वेगळ्या ताकदीच्या दोघांना एकत्र बसवलं तर एकाचा व्यायाम होत नाही आणि दुसऱ्याचा जीव जातो.

सुरुवात करणाऱ्याने

पहिल्या दिवशी पूर्ण कॅट नको. दश्शी, गुलाम, राणी आणि राजे काढून टाका, एक्क्याला एकच धरा, आणि त्यातलाही फक्त एक काळा आणि एक लाल रंग घ्या. अठरा पानं राहतील: ४५ जोर, ४५ बैठका. ते दोन आठवडे चांगल्या ढंगात जमलं, कंबर पडली नाही, गुडघे आत झुकले नाहीत, तर उरलेले दोन रंग वाढवा. छत्तीस पानांत १८० होतात. मग एकेक करून मोठी पानं आणा, आधी दश्श्या, मग गुलाम.

एवढी सावधगिरी कशाला, तर सवय नसताना एकाच दिवशी शेकडो बैठका मारल्या तर नुसतं अंग दुखून भागत नाही. क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात आणि त्यातलं द्रव्य रक्तावाटे मूत्रपिंडात जाऊन अडकतं. याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात. मांड्या प्रमाणाबाहेर सुजणं, हात-पाय उचलताच न येणं आणि लघवी काळ्या चहासारखी होणं ही त्याची खूण. असं दिसलं तर खुराक किंवा मालिश याने ते उतरत नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जावं लागतं. उन्हात, पाणी न पिता केलेल्या व्यायामात धोका वाढतो. म्हणून वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलेल्या दिवसांत कॅटला हात लावायचा नाही, मग वजनाला कितीही ग्रॅम जास्त असोत.

सरावलेल्याने आठवड्यातून दोनदा कॅट लावला तरी पुरे. जोरदार झटापटीच्या सरावाच्या आदल्या दिवशी तो नको, कारण भरलेल्या मांड्या घेऊन गादीवर गेलं की डाव उशिरा बसतात. लढतीच्या आठ-दहा आठवडे आधी पूर्ण कॅट, चार व्यायाम, बेताचा वेग. महिन्याभरावर आल्यावर लढतीइतकी पानं, विश्रांतीसकट, पूर्ण वेगाने. शेवटच्या आठवड्यात चित्रं, दश्श्या आणि एक्के बाहेर काढून उरलेल्या छोट्या पानांतली दहा-बारा पानं, घाम येईपर्यंत.